‘मशीद’, ‘देऊळ’ आणि ‘सिनेगॉग’ : अलिबागच्या मागेन आबोथ प्रार्थनालयाचा भाषिक इतिहास

१. विषयप्रवेश

अलिबाग शहरातील इस्रायल आळीत बेने इस्रायल समाजाचे ‘मागेन आबोथ’ हे प्रार्थनालय उभे आहे. त्याची स्थापना १८४८ साली झाली. आज दिसणारी वास्तू १९१० सालची आहे. ‘मागेन आबोथ’ या हिब्रू नावाचा अर्थ ‘पूर्वजांची ढाल’ असा होतो. गावातल्या एका आळीला समाजाचे नाव मिळावे आणि त्या आळीतील मुख्य वास्तूचे नाव मात्र गावाला अपरिचित अशा भाषेत असावे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारी आहे.

वास्तूचा इतिहास सामान्यतः स्थापनेचे वर्ष, आश्रयदाते, जीर्णोद्धार आणि शिल्पविशेष या क्रमाने सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात हा क्रम थोडा बाजूला ठेवला आहे. कोकणातील लहान गावांत एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या ज्यू प्रार्थनालयांना मराठीने कोणत्या नावांनी ओळखले, त्यांच्या कारभारासाठी कोणती परिभाषा वापरली आणि ही नावे पुढे का बदलली, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे. अलिबागची वास्तू हे या विवेचनाचे मुख्य उदाहरण असून मुंबई, पनवेल, पेण, रेवदंडा व पुणे येथील वास्तूंचा उल्लेख तुलनेसाठी केला आहे.

मालेगावसारख्या गावी मराठीचे अध्यापन करणाऱ्यास या विषयाची एक वेगळीच निकड जाणवते. येथे ‘मशीद’ या शब्दाचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही; तो एकाच धर्माच्या प्रार्थनास्थळाशी पक्का बांधला गेला आहे. परंतु याच शब्दाने मराठी बोलणारा आणखी एक समाज आपल्या प्रार्थनालयाला हाक मारीत होता, आणि तो समाज मुसलमान नव्हता. शब्दांच्या सीमा आपण समजतो तितक्या जुन्या नसतात, हे दाखविणारे याहून स्पष्ट उदाहरण सहसा सापडणार नाही.

२. वास्तूपूर्व काळ

बेने इस्रायल समाजाची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यालगत फुटले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले. बुडालेल्यांना तेथेच मूठमाती देण्यात आली, असे मानले जाते; नवगावच्या दफनभूमीत या स्मृतीचा स्तंभही आहे. ही घटना नेमकी केव्हा घडली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, या परंपरेत वाचलेल्या माणसांबरोबर ग्रंथ वाचले नाहीत. ग्रंथ नव्हते म्हणून ग्रंथ ठेवण्याची वास्तूही नव्हती.

पुढील दीर्घ काळात हा समाज कोकणातील खेड्यापाड्यांत पसरला. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, अष्टमीचे ते अष्टमकर अशी आडनावे रूढ झाली. त्यांचा मुख्य व्यवसाय तेलाचा घाणा चालविण्याचा. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. एका समाजाची धार्मिक ओळख सांगणारा हा शब्द शेजाऱ्यांच्या भाषेतून आला. त्यात निंदा नाही आणि स्तुतीही नाही. फक्त निरीक्षण आहे. घाणा कोणत्या वारी थांबतो, एवढेच गावाने पाहिले आणि नाव दिले.

या काळातील उपासना घरात होत असे. सुंता, शनिवारची विश्रांती, खवले नसलेले मासे न खाण्याचा नियम आणि ‘शमा’ ही हिब्रू प्रार्थना, एवढ्या ठेव्यावर समाजाने आपले वेगळेपण टिकविले. दावीद रहाबी या उपदेशकाने याच खुणांवरून त्यांना ओळखले व काही घराण्यांतील पुरुषांना धर्मविधी शिकवून ‘काझी’ नेमले, असे परंपरा सांगते. सणांची नावेही मराठी होती. नव्या वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. दारे लावून उपवासाने घालवायचा तो ‘दारफाळणीचा सण’. खीर करावयाची तो ‘खिरीचा सण’. फाल्गुनाच्या सुमारास येणारा पुरीमचा उत्सव तो ‘होळीचा सण’. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचे दुःख पाळण्याचा दिवस ‘बिरड्याचा रोजा’ झाला आणि उपवासाच्या एका महिन्याला ‘रमझान’ म्हटले गेले.

ही यादी लक्षपूर्वक वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. सण, होळी, खीर, बिरडे हे शब्द शेजारच्या हिंदू घरांतील आहेत. काझी, रोजा, रमझान हे शेजारच्या मुसलमान घरांतील. समाजाने दोन्ही घरांतून शब्द घेतले, पण आचार आपला ठेवला. प्रार्थनालयाच्या वास्तूला नाव देण्याची वेळ आली तेव्हा हीच पद्धत कामी आली.

३. ‘मशीद’ हा शब्द का निवडला गेला?

बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनालय कोकणातील खेड्यात उभे राहिले नाही. ते मुंबईत उभे राहिले. सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात ते कैद झाले. समाजात सांगितली जाणारी कथा अशी की, आपण ‘बेने इस्रायल’ आहोत असे त्यांनी सांगितले तेव्हा कुराणात उल्लेखिलेल्या या लोकांना जीवदान द्यावे, असा आग्रह टिपूच्या मातेने धरला. सुटका झाल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मांडवी भागात ‘शाअर हारहामीम’ (दयेचे द्वार) हे प्रार्थनालय बांधले. त्यासाठी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या मिळविण्यास ते कोचीनला गेले आणि १७९७ साली तेथेच निवर्तले. तो रस्ता पुढे सॅम्युएल स्ट्रीट या नावाने ओळखला जाऊ लागला. प्रार्थनालय मात्र लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’ झाले. ‘मशीद बंदर’ हे नाव याच वास्तूवरून पडले असेही एक मत आहे.

‘मशीद’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ नमन करण्याची जागा. मराठीने तो कित्येक शतकांपूर्वी आपलासा केला. ज्यू प्रार्थनालयासाठी तोच का घेतला गेला, याची तीन कारणे मांडता येतील.

पहिले कारण वास्तूच्या अंतर्भागात आहे. ज्यू प्रार्थनालयात मूर्ती नसते, गाभारा नसतो, प्रदक्षिणा नसते. एक मोठी खुली जागा असते. तिच्या मध्याशी ‘तेबा’ म्हणजे वाचनाचा उंच ओटा असतो. आणि भिंतीत ‘हेखाल’ हे कपाट असते, ज्यात धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या ठेवतात. देऊळ हा शब्द ‘देवकुल’ या संस्कृत शब्दावरून आला. त्यात देव राहतो ही कल्पना अंतर्भूत आहे. ज्या वास्तूत मूर्ती नाही तिला देऊळ म्हणण्यास समाजाचे मन घेतले नसावे, असे अनुमान करता येते.

दुसरे कारण दिशेचे. ज्यू उपासक यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करतात. भारतात ती दिशा पश्चिम ठरते, म्हणून हेखाल पश्चिमेच्या भिंतीत असते. भारतातील मशिदींचाही रोख मक्केमुळे पश्चिमेकडेच असतो. दोन वेगळ्या नगरांकडे पाहणारे दोन समाज कोकणात एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले. बाहेरून पाहणाऱ्या गावकऱ्याला हे साम्य दिसणे स्वाभाविक होते.

तिसरे कारण भाषेच्या व्यवहारात आहे. काझी व रोजा हे शब्द समाजाच्या वापरात आधीच होते. त्यांच्या जोडीला मशीद हा शब्द सहज बसला. येथे केरळातील उदाहरण उद्बोधक ठरेल. मल्याळम भाषेत ‘पळ्ळी’ हा एकच शब्द चर्च, मशीद आणि ज्यू प्रार्थनालय या तिन्हींसाठी वापरला जातो. म्हणजे मूर्तिविरहित सामूहिक उपासनेच्या वास्तूसाठी एक सामान्य नाम असणे ही पश्चिम किनाऱ्यावरील भाषांना अपरिचित गोष्ट नव्हती. मराठीत ‘मशीद’ या शब्दाने तेच कार्य काही काळ केले.

४. कोकणातील वास्तू : काळ आणि कारणे

मुंबईनंतर सुमारे अर्ध्या शतकाने कोकणातील गावांत प्रार्थनालये उभी राहू लागली. रेवदंड्याचे ‘बेथ एल’ १८४२ चे, अलिबागचे ‘मागेन आबोथ’ १८४८ चे, पनवेलचे ‘बेथ एल’ १८४९ चे आणि पेणचे ‘बेथ हाएलोहीम’ १८६३ चे. ही गावे आज रायगड जिल्ह्यात आहेत. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते.

या काळाची निवड आकस्मिक नाही. अलिबाग हे आंग्रे घराण्याच्या कुलाबा संस्थानाचे ठिकाण. ते संस्थान १८४० साली इंग्रजांनी खालसा केले. त्याच सुमारास मुंबईशी दळणवळण वाढले. बेने इस्रायल तरुण मोठ्या संख्येने मुंबई इलाख्याच्या पलटणींत, इस्पितळांत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीस लागले होते. सुभेदारीच्या हुद्द्यापर्यंत चढलेले, पेन्शन घेऊन गावी परतलेले लोक आता समाजात होते. घाण्याच्या उत्पन्नावर जी वास्तू उभी राहिली नसती ती नियमित पगाराने उभी राहणे शक्य झाले. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी हिब्रू प्रार्थनाविधी शिकविला होता. वास्तू बांधण्यास पैसा लागतो. ती वापरण्यास विधी यावा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच पिढीत जुळून आल्या.

नावांतील बदल येथे स्पष्ट होतो. वास्तूची अधिकृत नावे हिब्रू झाली : ‘बेथ एल’ म्हणजे देवाचे घर, ‘मागेन आबोथ’ म्हणजे पूर्वजांची ढाल. त्यांपैकी अलिबागचे नाव विशेष अर्थपूर्ण वाटते. ज्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले असे समाज मानतो, त्या किनाऱ्याजवळच्या प्रार्थनालयात पूर्वजांचे स्मरण नावातच आहे. ही शब्दयोजना हिब्रू प्रार्थनेतील प्रसिद्ध संज्ञेवरून आलेली आहे, हे खरे. तरी नवगावच्या शेजारी तिला स्थानिक अर्थाची जोड मिळते.

५. कारभाराची परिभाषा

वास्तूचे नाव हिब्रू झाले तरी तिचा कारभार मराठीतच चालला. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला व १९३७ साली तेल अवीव येथे प्रकाशित झालेला बेने इस्रायलांचा इंग्रजी इतिहास या बाबतीत मोलाचा आहे. त्यातून प्रार्थनालयाच्या पदाधिकाऱ्यांची जी नावे कळतात ती अशी : मुकादम, चौगुले, गब्बाय, हज्जान, शम्माश.

या पाच शब्दांत वास्तूचा सारा सामाजिक इतिहास सामावलेला आहे. मुकादम हा अरबी-फारसीतून मराठीत आलेला आणि गावगाड्यात रुळलेला शब्द. चौगुला हा तर पाटलाचा साहाय्यक. म्हणजे समाजाचा प्रमुख व त्याचे सल्लागार यांची पदे कोकणातील खेड्याच्या व्यवस्थेवरून घेतलेली. गब्बाय (खजिनदार), हज्जान (प्रार्थना चालविणारा) आणि शम्माश (देखभाल करणारा) ही पदे हिब्रू. तंटे मिटविणे, जातपंचायतीसारखा निवाडा करणे, दंड आकारणे ही कामे मराठी नावाच्या पदाधिकाऱ्यांकडे. ग्रंथवाचन, विधी व वास्तूची जपणूक ही कामे हिब्रू नावाच्या पदाधिकाऱ्यांकडे. जुना काझी या रचनेत हळूहळू मागे पडला, कारण त्याच्या कामाचा मोठा भाग हज्जानाकडे गेला. एकाच छपराखाली दोन भाषांनी कामाची अशी वाटणी करून घेतली होती.

६. हिब्रू प्रार्थना आणि मराठी कीर्तन

प्रार्थनालय उभे राहिल्याने एक नवा प्रश्न निर्माण झाला. प्रार्थना हिब्रूत होऊ लागली. ऐकणाऱ्यांची भाषा मराठी. पूर्वी घरातल्या विधीत जे काही होते ते समजत होते. आता जे ऐकू येई ते पवित्र होते, पण बहुसंख्यांना कळत नव्हते. या अंतरातून बेने इस्रायलांचे मराठी वाङ्मय जन्मास आले, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे.

या वाङ्मयाचे दोन प्रवाह दिसतात. पहिला भाषांतराचा. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण सिद्ध केले होते. पुढे समाजातील विद्वानांनीच हे काम हाती घेतले. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे मोठ्या चिकाटीने केली. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापला गेला. त्याच्या चित्रांत बेखमीर भाकरी तयार करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. इजिप्तमधून सुटकेची कथा अशा प्रकारे मराठी स्वयंपाकघरात आली.

दुसरा प्रवाह कीर्तनाचा. हरिदासी कीर्तनाचा प्रभाव घेऊन १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांत कीर्तनाची चळवळ सुरू झाली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे तिच्या अग्रणींपैकी एक. अब्राहाम, योसेफ, मोशे, एलिया, एस्तेर यांची चरित्रे साकी, दिंडी, आर्या, ओवी अशा परिचित छंदांत रचली गेली. पूर्वरंग व उत्तररंगाची पद्धत, टाळ-मृदंगाची साथ आणि निरूपणाची शैली ही सारी मराठी कीर्तनाची. कथा मात्र हिब्रू शास्त्रातील. या कीर्तनांना संतसाहित्याच्या अभ्यासात अजून पुरेसे स्थान मिळालेले नाही. कीर्तन हे एकाच संप्रदायाचे साधन नसून मराठी भाषेने धर्मकथा सांगण्याची रीत आहे, हे सिद्ध करण्यास याहून सबळ पुरावा कोणता?

प्रार्थनालय आणि कीर्तन यांचा संबंध म्हणूनच विरोधाचा नाही. हेखालातील ग्रंथ हिब्रूत राहिला. त्याचा अर्थ मराठीत गायला गेला. ग्रंथासमोर उभे राहण्याची भाषा एक आणि ग्रंथ समजून घेण्याची भाषा दुसरी, ही स्थिती ज्ञानेश्वरीच्या वाचकाला मुळीच नवी नाही.

७. शेजाऱ्यांची भाषा : पुण्याचे ‘लाल देऊळ’

येथवर समाजाने स्वतःच्या वास्तूला दिलेल्या नावांचा विचार केला. शेजाऱ्यांनी दिलेले नाव कसे असते याचे उदाहरण पुण्यात मिळते. डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या औदार्यातून उभे राहिलेले ‘ओहेल डेव्हिड’ प्रार्थनालय १८६७ साली पूर्ण झाले. लाल विटांच्या या उंच मनोऱ्याच्या वास्तूला पुणेकरांनी ‘लाल देऊळ’ म्हटले. मूर्ती नाही, घंटा नाही, पुजारी नाही, तरीही देऊळ.

‘जुनी मशीद’ आणि ‘लाल देऊळ’ ही दोन नावे शेजारी ठेवली म्हणजे मराठी भाषेची एक वृत्ती लक्षात येते. अपरिचित वास्तू दिसली की ती परक्या नावाने दूर ठेवावयाची नाही. आपल्याकडील जवळच्या शब्दात तिला बसवावयाचे. समाजाने आतल्या रचनेवरून मशीद म्हटले. नगराने बाहेरच्या भव्यतेवरून देऊळ म्हटले. ‘सिनेगॉग’ हा ग्रीक मूळचा शब्द इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. त्याचा अर्थ ‘एकत्र जमणे’ असा आहे आणि हिब्रूतील ‘बेथ क्नेसेथ’ म्हणजे सभागृह या संज्ञेशी तो तंतोतंत जुळतो. अचूकतेच्या दृष्टीने हा शब्द श्रेष्ठ ठरतो. परंतु अचूक शब्द आला तेव्हा जवळिकीचे दोन शब्द मागे सरले, याचीही नोंद घेतली पाहिजे.

८. स्थलांतरानंतर

इस्रायल राष्ट्राची स्थापना १९४८ साली, म्हणजे मागेन आबोथच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण होत असताना झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील बेने इस्रायलांची संख्या २०,००० च्या आसपास होती. पुढील दशकांत त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले आणि आज भारतात काही हजारच उरले आहेत. तेथेही त्यांना प्रारंभी संघर्ष करावा लागला. विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणाविषयी धर्मपीठाने घेतलेल्या शंकांविरुद्ध समाजाने आंदोलन केले आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. कोकणात ज्यांना ज्यूपण सिद्ध करावे लागले नव्हते त्यांना ते यरुशलेमजवळ करावे लागले.

या लोकांनी मराठी टाकली नाही. इस्रायलमध्ये १९८७ सालापासून निघू लागलेले ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक याची साक्ष देते. इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. परंतु माणसे गेली की वास्तूची भाषा बदलते. ‘चौगुला’ हा शब्द वापरण्यास चार वडीलधारे लागतात. कीर्तनास श्रोते लागतात. हिब्रू प्रार्थनेस किमान १० प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. वस्ती विरळ झालेल्या गावांत हेच सर्वांत कठीण होऊन बसले.

वास्तूंची डागडुजी होऊ शकते; दगड व लाकूड यांना पर्याय असतो. प्रार्थनालयांभोवती जमलेले मराठी लेखन मात्र नाजूक आहे. हस्तलिखित गीतांच्या वह्या, कीर्तनाच्या छापील चोपड्या, मराठी अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा यांना कोकणातील हवा क्षमा करीत नाही. जुलै २००५ च्या महापुरात पनवेलच्या बेथ एलमध्ये पाणी शिरले. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्याच किनाऱ्यावर आदळले. कागद आणि स्मृती या दोहोंची मुदत मर्यादित असते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी मांडता येतील.

(अ) अलिबागचे मागेन आबोथ व त्याच्या बरोबरीची कोकणातील प्रार्थनालये ही दीर्घकाळ वास्तूविना टिकलेल्या उपासनेची उत्तरकालीन रूपे आहेत. ती उभी राहण्यास पलटणीतील व सरकारी नोकरी, मुंबईशी वाढलेला संपर्क आणि हिब्रू विधीचे शिक्षण ही कारणे एकत्र यावी लागली.

(आ) ‘मशीद’ हे नाव चुकीने पडलेले नाही. मूर्तिविरहित रचना, पश्चिमाभिमुख उपासना आणि आधीपासून रूढ असलेली परिभाषा यांच्या आधारे केलेले ते सुसंगत नामकरण होते. मराठी शब्दकोशांत ‘मशीद’ या नोंदीखाली बेने इस्रायलांच्या या अर्थाचीही दखल घेतली जावी.

(इ) प्रार्थनालयातील हिब्रूने मराठीला हद्दपार केले नाही. उलट भाषांतर व कीर्तन यांची गरज निर्माण केली. या वाङ्मयाचा विचार मराठी वाङ्मयाच्या इतिहासात परिशिष्ट म्हणून नव्हे, तर एकोणिसाव्या शतकातील भाषांतरयुगाचा व कीर्तनपरंपरेचा भाग म्हणून झाला पाहिजे.

हिब्रूचे अभ्यासक या प्रार्थनालयांतील ग्रंथ वाचतील. स्थापत्याचे अभ्यासक त्यांची मोजमापे घेतील. ‘दारफाळणी’ म्हणजे काय, ‘बिरड्याचा रोजा’ कोणत्या चवीने सुटत होता आणि मोशेचे चरित्र दिंडीत कसे बसविले, हे वाचणे मात्र मराठीच्याच अभ्यासकाचे काम आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी विभागांनी रायगड जिल्ह्यातील शिलालेखांची, कीर्तनपुस्तिकांची आणि ज्येष्ठांच्या बोलीतील शब्दांची पद्धतशीर नोंद एम. फिल. व पीएच. डी. च्या जुन्या प्रबंधांच्या पुढे जाऊन संघटितपणे करावी, ही अपेक्षा येथे नोंदवावीशी वाटते. ज्या शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ हे नाव दिले त्यांच्याच भाषेवर हे उत्तरदायित्व येते.